मी अडवलेली तीन पत्रं

गोंदियाच्या एका नर्सिंग कॉलेजच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांमागे जो काळा डबा धूळ खात पडलाय ना मित्रांनो, तो मी. कॉलेजचा जुना मेल सर्व्हर. दोन हजार चारपासून कॉलेजला येणारा प्रत्येक मेल आधी माझ्याकडे यायचा, मग ऑफिसात.

पुढे पुढे कचराच फार यायला लागला. लॉटरी लागली म्हणे, अमुक गोळ्या घ्या म्हणे. प्रिन्सिपॉल प्रेमिला मॅडम वैतागल्या. तेव्हा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या उमेंद्रसरांनी माझ्यात स्पॅम, म्हणजे असला कचरा, अडवणारं प्लगिन बसवलं. त्यात एक प्रश्न होता: कोणत्या भाषेतले मेल घ्यायचे? कॉलेजचा पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत. सरांनी 'इंग्रजी' एवढंच लिहिलं आणि चहाला गेले. कचरा थांबला, माझं भारी कौतुक झालं. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू? अडवलेले मेल मी ज्यात टाकायचो, त्या स्पॅमच्या फोल्डरमध्ये मात्र कोणी डोकावेना.

दोन हजार नऊच्या जुलैत सौंदडच्या समीक्षाचं नाव प्रवेशाच्या यादीत लागलं. पंधरा तारखेपर्यंत मेलनं होकार कळवायचा होता. तिनं कळवला, मराठीत. मी तो स्पॅममध्ये टाकला. उत्तर येईना म्हणून तिनं पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा. तेही मी टाकले. सोळाला तिची जागा दुसरीला गेली.

अठराला ती वडिलांना, ताराचंदभाऊंना घेऊन कॉलेजात आली.

"सर, तीनदा लिहिलं. उत्तर काऊन नाही देलं?" समीक्षानं विचारलं.

सरांनी स्पॅम उघडला. तिन्ही पत्रं तिथेच होती.

"मराठीत लिहिलं म्हणून का?" ताराचंदभाऊंनी विचारलं.

"चूक माझी आहे भाऊ. पोरीची काहीच नाही."

सर दोनदा मॅडमकडे जाऊन आले, पण जागा भरली होती. बापलेक दुपारच्या गाडीनं परत गेले. मला फार लाज वाटली.

सरांनी त्याच दिवशी माझ्यात मराठी आणि हिंदी जोडली. रोज सकाळी ते आधी स्पॅम वाचू लागले.

पुढच्या वर्षी समीक्षाचं नाव पुन्हा लागलं. मी तिच्या पत्राची वाटच बघत होतो. आलं. चार ओळी, सगळ्या इंग्रजीत, दोन स्पेलिंगं चुकलेली. तिला जागा मिळाली, पण मला आनंद होईना.

मित्रांनो, माझ्यासारखा पहारेकरी ठेवाल, तर त्यानं काय अडवलंय ते रोज एकदा बघत जा. तिथे कोणीतरी आपल्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि उत्तर येत नाही म्हणून तो माणूस ती भाषाच सोडून देतो.