लाल गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स

मंगळवारी सकाळी चिंचपोकळीच्या घरात कालिंदीबाईंनी पोळीचा घास तोडता तोडता डावा हात पुढे केला, आणि सुरुचीने त्यावर लोहाच्या लाल गोळ्यांची रिकामी स्ट्रिप ठेवली.

"दहाच्या दहा घेतल्यास?"

"दहाच्या दहा."

"चहाबरोबर नाही ना?"

"लिंबूपाण्याबरोबर, आई. पाठ झालंय मला."

"पाठ होऊन काय उपयोग? तोंड बघ, पांढरंफटक."

सुरुचीला पाचवा महिना होता. नवरा, शंतनु, कामासाठी परगावी असल्याने ती आईकडेच राहत होती. गोळीने मळमळायचं, पोट दोन दोन दिवस साफ व्हायचं नाही. पहिल्या आठवड्यात भाषण टाळायला ती 'घेतली' म्हणाली. मग माघार घेणं जमेना. रोज एक गोळी स्ट्रिपमधून निघायची आणि बेसिनमधून वाहून जायची.

कालिंदीबाई दवाखान्याच्या आरोग्यसेविका. गरोदर बायकांना या गोळ्या द्यायला बावीस वर्षं कफ परेडच्या मच्छीमार नगरात जात होत्या. गोळीने मूल काळं होतं म्हणून तिथल्या कितीतरी जणी ती तांदळाच्या डब्यात दडवायच्या. म्हणून बाईंचा नियम होता: रिकामी स्ट्रिप दाखवा, नवी घ्या. हल्ली त्या लेकीच्याही दाखवायच्या. "माझी मुलगी बँकेत साहेबीण आहे. तीसुद्धा घेते, बघा."

ती स्ट्रिपही त्यांनी पर्समध्ये टाकली. वस्तीत एका गरोदर बाईला ताप होता, मलेरियासाठी तिचं रक्त घ्यायचं होतं. "येताना कोलंबी आणते," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

दुपारी वस्तीतच एका ओट्यावर त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे दिवस सुरुचीने नीट पार पाडले. फोन घेतले, फॉर्म भरले, आलेल्यांना पाणी दिलं. रडू फारसं आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेली तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं.

"गोळ्या नियमित घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो." जीभ सवयीने वळली.

"मग रक्त जातंय कुठे?" त्यांनी मलेरियाची तपासणी करवली, तीत काही निघालं नाही. आणखी चार तपासण्या लिहून दिल्या. "नुसत्या गोळ्यांनी भागलं असतं तर बरं होतं. आता कारण शोधण्यात दिवस जाणार, आणि बाळाकडे तेवढे दिवस नाहीत."

दुसऱ्या दिवशी दारात एक कोळीण उभी राहिली. सातवा महिना असावा.

"मी किर्ती. बाई शेवटच्या बसल्या तो ओटा आमचा." तिने रबर लावलेला छोटा गठ्ठा पुढे केला. "ह्या तिथंच राहिल्या. तुमच्याच ना?"

पाच स्ट्रिप्स. प्रत्येकीच्या मागे आईच्या अक्षरात तारीख.

"माझी सासू म्हणायची, गोळीनं पोर काळं होईल," किर्ती टेकत म्हणाली. "मी म्हटलं, बापावर गेलं तरी काळंच होणार, मग गोळीनं काय बिघडतंय? पण खरं सांगू ताई, घेतली नव्हती तवा. बाईंनी तुमच्या दाखवल्या तवा लाज वाटली. एवढी शिकलेली घेते, आपण कोण लागून गेलो? नऊ होतं माझं. आता अकरा." ती हसली. "तुमचं तर तेरा असेल!"

सुरुचीने फाटलेल्या चंदेरी कागदावरून अंगठा फिरवला. पन्नास भोकं, सगळी तिनेच पाडलेली.

"ताई? पाणी देऊ का?"

"नको." तिने गठ्ठा मांडीवर ठेवला. "मी एकही गोळी घेतली नाही, किर्ती. सगळ्या बेसिनमध्ये टाकल्या. आईशी रोज खोटं बोलले मी. त्या दिवशी सकाळीसुद्धा."