बारीक आवाज

"ताई, तू खुर्चीत गप्प बस. यंत्र माझं आहे, डोकंही माझंच चालू दे," मी खेकसलो आणि सतरावा खिळा बाजूला फेकला.

सकाळपासून थोरल्या बहिणीच्या परसात वाकून माझ्या कमरेचा पार खुळखुळा झाला होता. आदल्या दिवशी भाजीच्या वाफ्यातलं तण उपटताना तिच्या बोटातली अंगठी मातीत पडली. भाऊजींनी दिलेली, चाळीस वर्षं बोटातून न निघालेली. या आजारपणात बोटं पार काड्या झाली, आणि निघाली एकदाची. तीन वाजता भाची गाडी घेऊन येणार होती, ताईला कायमची आपल्याकडे न्यायला. भाऊजी गेले, घरही सुटणार, निदान अंगठी तरी तिच्याबरोबर जायला हवी होती.

मी तीस वर्षं पाणीखात्यात काढली. डांबराखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह धातुशोधकाने हुडकायचे आणि खणून मोकळे करायचे, हे माझं काम. खात्यात मला खड्डेसाहेब म्हणायचे. या यंत्राच्या दांड्याला खाली वाटोळी कॉइल असते, तीच जमिनीवरून फिरवायची. माझी कायम परातीएवढी. खोलवरचं लोखंड पकडते आणि अशी बोंबलते की पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून बघेल. यंत्राबरोबर बशीएवढी लहान कॉइलही होती. तिला मी खेळणं म्हणायचो.

पण भाऊजी पडले सुतार. वाफ्याच्या जागी पूर्वी त्यांची शेड होती. हातभर जमिनीत दहा खिळे! परातीखाली ते सगळे एकदम यायचे आणि यंत्र नुसतं कोकलत राहायचं. त्यात अंगठीचा आवाज कुठे लागणार? मला हे कळत नव्हतं असं नाही. खात्यात नव्यांना मीच बजावायचो, कचरा जास्त तिथे कॉइल लहान.

"अरे, ती छोटी लाव ना," ताई म्हणाली. "पिशवीत दिसतेय मला."

"तिने काही होत नाही."

"आणि मोठीने काय झालं? खिळ्यांचं दुकान टाकायचंय का?"

एक वाजून गेला. शेवटी झक मारत लहान कॉइल चढवली आणि हळूहळू फिरवायला लागलो. खिळ्यावर घोगरा आवाज यायचा, तो मला कळायचा. मी पुढे सरकायचो.

"थांब!" ताई ओरडली. "वाजलं की!"

"कुठे?"

"मागे. बारीक, टिंग करून. सरळ पुढे गेलास."

मी पुन्हा फिरवली. काही नाही.

"हे बघ, परत वाजलं." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला ऐकूच येत नाही ना?"

मी कॉइलची माती पुसत बसलो.

"कधीपासून रे?"

"दोन वर्षं झाली. जाड आवाज येतात. बारीक गेले."

सांगताना फार लाज वाटली. कानांवर पोट भरलेला माणूस मी! बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. मोठीचं बोंबलणं तेवढं ऐकू यायचं, ती सुटत नव्हती ती एवढ्यासाठीच.

ताईने उपदेश केला नाही. खुर्ची ओढत वाफ्याच्या कडेला आणली. "तू फिरव, मी ऐकते. हं, डावीकडे. अजून थोडं. अरे, एवढ्या घाईने नको, गवत कापतोयस का?"

पहिल्यांदा बाटलीचं झाकण निघालं. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग कोपऱ्यात तिने हात वर केला. वाकड्या खिळ्याला खेटूनच अंगठी होती. तिने ती पदराने पुसली, अंगठ्यात घातली आणि मूठ मिटून घेतली. मला रडू आवरेना.

तीनच्या ठोक्याला भाची आली. ताईला मागच्या सीटवर बसवलं, उशी दिली, दार लावलं. गाडी सुरू झाली तशी ताई काचेआडून काहीतरी बोलली. अशा वेळी मी मान हलवतो. दोन वर्षं सगळ्यांसमोर तेच केलंय. आत्ताही मान हलायलाच लागली होती.

मी काचेवर टकटक केलं.

"ताई, मला ऐकू आलं नाही."

भाचीने इंजिन बंद केलं. ताईने काच खाली घेतली, माझा कान धरून जवळ ओढला आणि पुन्हा सांगितलं.