धारक आणि सोबत घरचे तीन जण

मी एक पास आहे, मोफत प्रवासाचा. सध्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला लटकतोय आणि माझा एक कोपरा कापलेला आहे. जन्मलो तेव्हा मात्र चांगला चौकोनी होतो, आणि गर्विष्ठही.

सरकारी कचेरीतल्या यंत्रातून बाहेर पडलो तेव्हा अंग अजून गरम होतं. पाठीवर छापलं होतं: ‘सत्तरीपुढील धारक आणि सोबत घरचे तीन जण. सुट्टीच्या दिवसांत महानगरातील बस, ट्राम, मेट्रो विनामूल्य.’ मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही! एवढ्या मोठ्या शहराने म्हाताऱ्या माणसाला म्हणावं, या, बसा, हवं ते बघा, आणि एकटे येऊ नका, आपली माणसंही आणा. माणसं चांगली असतात याचा मी छापील पुरावाच आहे, असं मी समजत होतो.

माझ्या पोटावर तिचा फोटो होता. तो काढताना कारकून म्हणाला, “आजी, हसू नका, चालत नाही.”

“मग लवकर काढा,” ती म्हणाली, “मला फार वेळ जमायचं नाही.”

ही माझी धारक. एकतीस वर्षं ती काचेच्या कारखान्यात काच कापत होती. उजव्या अंगठ्यावर पांढरा व्रण, आणि गल्लीत नाव ‘काचवाली’. तरुणपणी तिने महानगराच्या मोठ्या स्टेशनच्या घुमटासाठी निळ्या काचा कापल्या होत्या. एका काचेत बोटाएवढा बुडबुडा राहिला होता. मुकादम म्हणाला, फेकून दे. हिने ती गुपचूप पेटीत सरकवली. पेटीवर लिहिलं होतं, बारा नंबरची कमान, अगदी टोकाची जागा. पेट्या गेल्या, ही मात्र कधीच गेली नाही. ती काच लागली की फेकली गेली, हे एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची इच्छा होती.

अशात, माझ्या जन्माच्या थोडं आधी, मुलाचा फोन आला. “आई, तो पास काढून घे. या सुट्टीत शहर बघायला जाऊ.”

तिने गल्लीभर सांगितलं, पोरगा शहर दाखवायला नेतोय. पोराने फोनवर दोनदा विचारलं होतं, “तीन जण ना नक्की? धारक सोडून?” ते तिने कोणाला सांगितलं नाही.

मुलगा, सून, नात आणि ती असे चौघं निघाले. मेट्रोच्या दारात ती मला यंत्रावर टेकवायची, हिरवा दिवा लागायचा, आणि ती नातीकडे असं बघायची, जसं काही दार तिनेच बनवलंय. पण संग्रहालयापाशी आले की सून म्हणायची, “आई, तुम्ही इथे बाकावर बसा. आत तिकीट आहे.” मनोऱ्यापाशीही तेच आणि बागेतही तेच. लोक छत्री दारात ठेवतात, तशी तिला ठेवायचे. गाडी आली की मग, “अगं आईला आण, आईला आण!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुडघ्यामुळे मागे राहिली. मुलाने मला तिच्याकडून घेतलं आणि पुढे जाऊन घाईत यंत्रावर टेकवलं. हिरवा दिवा लागला आणि तिघं आत गेले. ती अजून जिन्यातच होती. सून हळूच म्हणाली, “अहो, दार पासने उघडतं. आईंनी नाही.”

तिसऱ्या दिवशी स्टेशनचा घुमट बघायचा होता. तो मेट्रोच्या दारांच्या आत, सगळ्या गाड्या मिळतात तिथे आहे. ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली होती. मुलाने माझी दोरी तिच्या गळ्यातून काढली.

“आई, आज तू आराम कर. पायऱ्या फार आहेत तिथे.”

“घुमट आजच ना रे?”

“उद्या निघताना तिथूनच जायचंय. तेव्हा बघ की.”

तिने दोरी क्षणभर धरून ठेवली. “मग बारा नंबरच्या कमानीत बघा. निळ्या काचेत बुडबुडा आहे का, एवढंच.”

नात म्हणाली, “म्हणजे खराब काच ना, आजी?”

“खराब नाही गं. श्वास अडकलाय तिचा.”

घुमटाखाली गेल्यावर तिघांनी घुमटाकडे पाठ करून फोटो काढले. वर कोणीच बघितलं नाही. मी मुलाच्या गळ्यात झोके खात होतो. एका झोक्यात उलटा झालो आणि मला दिसली, बारावी कमान, अगदी टोकाला. निळ्या काचेत बोटाएवढा बुडबुडा, आणि त्यात भरलेलं ऊन.

तेवढ्यात तपासनीस आला. “पासवर बाई दिसतायत. धारक कुठे आहेत?”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. “आई गेली हो, मागच्या महिन्यात. सवयीने गळ्यात राहिला.”

मी त्याच्या छातीवरच होतो. ठोकासुद्धा चुकला नाही.

नातीने तोंड उघडलं, तसा आईने तिचा हात दाबला. तपासनिसाने टोपी काढली. “माझीही याच वर्षी गेली. दंड राहू द्या. नोंद मीच करून टाकतो, तुम्हाला हेलपाटा नको.” आणि हातातल्या यंत्रावर त्याने हळुवारपणे दोन बटणं दाबली. इतक्या मायेने कोणाला मारलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या नोंदीचं पुढे काय होतं, हे मुलाच्या डोक्यातही आलं नाही. त्याने मला परत तिच्या गळ्यात घातलं.

निघायच्या दिवशी त्याच स्टेशनबाहेरून सुटणाऱ्या बसला अर्धा तास होता. ती सरळ मेट्रोच्या दाराकडे गेली आणि मला यंत्रावर टेकवलं. दिवा लाल. खाली अक्षरं उमटली: ‘धारक मयत’.

दारावरचा रक्षक आला. “आजी, हा पास वारलेल्या बाईंचा आहे.”

“ती बाई मीच.”

त्याने फोटो पाहिला, मग तिला. “दिसताय तर तुम्हीच. कालच कोणीतरी नोंद केलीय. चला कचेरीत, कोणी सांगितलं ते कळेल. पाच मिनिटांत चालू करून देतील.”

मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. सून पुढे झाली. “अहो, जुळ्या बहिणीचा पास आहे तो. ती गेल्यापासून आईंना नीट कळत नाही हो.”

दारापलीकडे, दहा पावलांवर, फरशीवर निळा उजेड पडला होता. तिने तो पाहिला. मग मुलाकडे पाहिलं. त्याची मान वर झाली नाही.

“हो,” ती रक्षकाला म्हणाली, “बहीणच माझी. काच कापायची. हात फार नेटका होता तिचा.” मला गळ्यातून काढून त्याच्या हातात देत म्हणाली, “एक मुलगाही होता तिला.”

रक्षक हळहळला. मयताच्या पासाचा कोपरा कापायचा नियम असतो. त्याने कात्री चालवली आणि मला तिच्या हातात दिलं. “आठवण म्हणून ठेवा.”

“बाबा, आजीचं तिकीट काढा ना,” नात म्हणाली.

“बस सुटेल,” बाबा म्हणाले.

आता मी इथे आहे. शेजारीण विचारते, “पाहिलंत का शहर?” ती म्हणते, “पाहिलं. बाक फार चांगले आहेत.” परवा मुलाचा फोन आला होता. “आई, सुट्टी येतेय. नवा पास काढून ठेव.”

“मयताला पास देत नाहीत रे,” ती म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून फोन ठेवून दिला.

रोज सकाळी ती मला पदराने पुसते. तिच्या अंगठ्यावरचा व्रण माझ्यावरून फिरतो, आणि मी ओरडत असतो, काच तिथेच आहे, फेकली नाही कोणी! तिला काही ऐकू जात नाही. तुम्हाला ऐकू आलं असेल, तर तुमच्यातल्या कोणीतरी येऊन तिला एवढं सांगा. येताना पास लागत नाही. तिच्या घराला यंत्राचं दार नाही.