चुकलं की वाजणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे हं, तो मान माझ्या नशिबी कुठला. मी हॉटेलच्या काउंटरवरची. पालथ्या वाटीएवढं अंग, डोक्यावर बटण, त्यावर हात पडला की 'टिंग'. एवढंच मला येतं. पण एवढ्यानेच मी पोटभर कौतुक ऐकलं आणि एका पोरीचे डोळेही भरून आणले.

माझा जन्म कुंभकोणमचा. तिथल्या कारागिराने मला घडवलं, चिंचेने घासून लख्ख केलं, आणि मी चेन्नईला, एग्मोर स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये येऊन बसले. पहाटेच्या गाड्यांनी पाहुणे यायचे. हातात बॅगा, कडेवर पेंगुळलेली मुलं. काउंटरवर कुणी नसलं की मला वाजवायचे. मी वाजले रे वाजले की आतून आवाज यायचा, "इदो, वंदुट्टेन!" म्हणजे, हा आलोच. तो आवाज बालाजीरावांचा. तंजावरकडचे मराठी माणूस. घरात मराठी, बाहेर तमिळ. जेवत असले तर हात धुऊन, झोपले असले तर डोळे चोळत, पण यायचे. पाहुण्याचा निम्मा शीण तिथेच उतरायचा. हे सगळं माझ्यामुळे होतं असं मला वाटे, खोटं कशाला बोलू.

पुढे लॉज बंद पडला. आठवण म्हणून काय नेता, असं मालकाने विचारलं तेव्हा बालाजीराव म्हणाले, "ही घंटी द्या. जन्मभर हिनेच मला हाक मारली." म्हणून मी तांबरमला त्यांच्या घरी आले. टीव्हीशेजारी बसले, आणि मग माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. वर्षानुवर्षं नुसती धूळ खात होते.

माझे दिवस पालटले ते त्यांच्या नातीमुळे. त्यांना 'तात्ता', म्हणजे आजोबा, म्हणणारी हरिणी पाचवीत होती आणि शाळेत इंग्रजी स्पेलिंगची स्पर्धा ठरली. अशा स्पर्धेत मूल चुकलं की घंटी वाजवतात. हे कळताच बालाजीरावांनी मला पुसलं आणि रोज संध्याकाळी मांडी घालून बसू लागले. आजोबा शब्द सांगणार, नात स्पेलिंग सांगणार, चुकली की टिंग.

आता इंग्रजी स्पेलिंग म्हणजे काय प्रकरण आहे ते तुम्हांला ठाऊकच आहे. लॉजवर मी दिवसभर 'रिसीट, रिसीट' ऐकलं. त्यात एक 'पी' दडी मारून बसलाय याचा मला कधी पत्ता लागला नाही. 'नाइफ'च्या दारात 'के' उभा, पण तोंड उघडेल तर शपथ. हरिणी बिचारी ऐकू येईल तसं सांगायची. टिंग. पुन्हा टिंग. आजोबांच्या मनात वाईट काही नव्हतं, नातीने बक्षीस आणावं एवढीच हौस. पण पोर मिटत चालली. आधी आवाज बारीक झाला, मग वर्गात हात वर जाईना, मग 'जेवतेस का' विचारलं तरी नुसती मान हलायची. पण हात पडला की मला वाजावंच लागायचं.

तिची आई श्रीदेवी अड्यारच्या एका कंपनीत स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. एका संध्याकाळी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आज शब्द मी सांगते. तुम्ही घंटीवर हात ठेवून बसा." तिने लेकीला स्पॅनिश अक्षरांचे उच्चार समजावले आणि मग एकेक शब्द दिला. 'मेसा' म्हणजे टेबल. 'लूना' म्हणजे चंद्र. 'पेलोता' म्हणजे चेंडू. हरिणीने ऐकलं तसं सांगितलं आणि सगळं बरोबर निघालं. आजोबांचा हात माझ्यावर तसाच राहिला.

"मग तिकडे स्पेलिंगच्या स्पर्धा कशा घेतात?" त्यांनी विचारलं.

श्रीदेवी हसली. "फसवी अक्षरं तिथेही आहेत, मामा. 'एच' लिहायचा पण बोलायचा नाही, 'बी' आणि 'व्ही' कानाला सारखेच. पण थोडीच, लवकर ओळखीची होतात. आपली मुलगी मठ्ठ नाही. ही इंग्रजीच वाकडी."

बालाजीरावांनी माझ्यावरचा हात काढून घेतला. त्या रात्री हरिणी कितीतरी दिवसांनी जेवताना बडबडली, आणि मी मनोमन श्रीदेवीचे आभार मानले.

स्पर्धेसाठी शाळेकडे घंटी नव्हती, म्हणून बालाजीरावांनी मलाच दिलं. मी परीक्षक चंद्रिका मिसच्या टेबलावर बसले. हरिणी समोर उभी राहिली, फ्रॉकची कड मुठीत धरून. पहिले शब्द तिने छान सांगितले. मग आला 'फ्लेम', खोकल्यातला कफ. ती म्हणाली, "एफ, एल, ई, एम."

मिसचा हात माझ्यावर पडला. मला वाजायचं नव्हतं, पण वाजले. हरिणीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "इदो, वंदुट्टेन!"

बालाजीराव उकाड्यात डुलकी घेत होते. घंटी ऐकली आणि जन्माची सवय उठून उभी राहिली. नुसते उठले नाहीत, चालूही लागले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की हा लॉज नव्हे. सभागृहात हशा पिकला. म्हातारा लाजून लाल झाला, पण मागे फिरला नाही. सरळ नातीपाशी येऊन त्यांनी तिचा हात धरला.

"आलो ना, कण्णा, माझ्या बाळा," ते म्हणाले. "ही वाजली की कुणीतरी यायचं असतं. मीच विसरलो होतो."

हरिणी हसली, सगळ्यांना ऐकू येईल इतकी. मग मिसकडे वळून म्हणाली, "मिस, काय चुकलं?"

"एफच्या जागी 'पी एच'. आणि शेवटच्या 'एम'आधी 'जी'."

"तो 'जी' तिथे कशाला बसलाय?"

"मलाही कुणी सांगितलं नाही गं," मिस म्हणाल्या.

बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. घरी येताना श्रीदेवीने सांगितलं, "स्पॅनिशमध्ये त्याला 'फ्लेमा' म्हणतात. एफनेच लिहितात." हरिणी रस्ताभर आजोबांना फ्लेमा, फ्लेमा ऐकवत राहिली.

तेव्हापासून मी चुकीवर वाजत नाही. शब्द अडला की हरिणीच मला वाजवते आणि आजोबा येतात. मित्रांनो, तुमच्या हाताशीही अशी एखादी घंटी असेल. कुणी चुकलं की ती खुशाल वाजवा, पण वाजवून बसून राहू नका. उठून त्याच्यापाशी जा.

मला आता चिंचेने घासतात, रोज हाताळतात. या वयात आणखी काय हवं? अलीकडे बालाजीरावांचे गुडघे धरले आहेत, खुर्चीतून उठवत नाही. पाणी हवं असलं की तेच मला वाजवतात. मग आतल्या खोलीतून आवाज येतो, एकेकाळी अगदी बारीक झालेला हरिणीचा आवाज, आता चांगला खणखणीत:

"इदो वंदुट्टेन, तात्ता!"