मालकांचं हसू

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच भंगारात काढू नका. केस कापायच्या दुकानात मी तीस वर्षं काढली आहेत आणि माझ्या काचेवर एक चरा नाही!

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मालकांनी दुकान थाटलं त्याच दिवशी मला विकत घेतलं. केस कापून झाले की ते मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत आणि गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात आपली मान बघे. कितीही घाईचा माणूस असो, मला दाखवल्याशिवाय मालकांनी कुणाला खुर्चीवरून उठू दिलं नाही. लोक म्हणत, हात साफ आहे. त्यातली निम्मी वाहवा माझी, असं मी धरून चालतो. 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' ही म्हण कुणी काढली कोण जाणे, मला मुळीच पटत नाही.

यंदा मालकांच्या कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत गाठ निघाली. गाठ साधी होती, पण चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते. ऑपरेशनमध्ये ती दुखावली आणि मालक अर्धं तोंड लुळं घेऊन घरी आले. पाणी प्यायलं तरी ओघळायचं. नस हळूहळू सावरेल, रोज आरशात बघून गाल फुगवा, हसा, आणि कानाजवळचा बधिरपणा जाईपर्यंत वस्तरा लावू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. त्यासाठी मला दुकानातून घरी आणलं. काय सांगू, माझी छाती फुगली!

पण मालकांनी माझ्यात एकदाच पाहिलं आणि मला पालथं घातलं. असलं तोंड घेऊन गिऱ्हाइकासमोर कसं उभं राहायचं, त्यापेक्षा दुकान विकून टाकू, असं ते मालकीणबाईंना म्हणू लागले. आठ दिवस मी गादीला तोंड लावून पडलो होतो. मला फार राग आला.

एका सकाळी त्यांनी मला न उचलताच दाढी केली. तीस वर्षांचा सरावाचा हात, पण बधिर कानाची पाळी कापली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. मालकीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कॉलर लाल झाली होती. त्यांनी कापूस दाबला, मला उचललं आणि मालकांसमोर धरलं.

"आरसा दाखवल्याशिवाय तुम्ही गिऱ्हाइकाला उठू देत नाही. मग स्वतः का उठताय?"

मालक खाली बसले. आधी रडले, मग त्यांनी पाहिलं.

तेव्हापासून मालकीणबाई मला रोज पंधरा मिनिटं धरून बसू लागल्या. एकदा तर मालकांनी मला मानेमागे धरायला लावलं, कपाटाच्या आरशात टाक्यांची खूण न्याहाळली आणि डॉक्टरबाईंचा हात साफ आहे, असं कबूल केलं.

सहाव्या आठवड्यात ओठाचा कोपरा तिळाएवढा हलला. मालकांना वाटलं, माझ्यावरच डाग आहे. त्यांनी मला सदऱ्याने पुसलं आणि पुन्हा हसून पाहिलं. पुन्हा हलला! हे सगळ्यांत आधी मीच पाहिलं, अशी माझी समजूत होती. पण मालकीणबाई केव्हाच्या हसत होत्या. दुकान विकायची गोष्ट त्या घरात परत निघाली नाही.

मित्रांनो, घरात कुणी आजारातून उठत असेल, तर आरसा लपवू नका. पण त्यांना आरशापुढे एकटं सोडूनही जाऊ नका. समोर धरून बसा. हात भरून येतो, तरी धरा.