खरबुजांची राखण

अच्युतचं हसू पूर्वी त्याच्या आधी घरी यायचं. सायकल अजून कोपऱ्यावर, आणि हसू दारात. ते ऐकलं की विनता तव्यावर पहिली पोळी टाकायची. शेजारची म्हातारी म्हणायची, हा माणूस हसला की माझी मांजर फळीवरून पडते.

मग लढाई सुरू झाली. जबलपूरजवळ खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि अच्युतला तिथे नोकरी लागली. तो काम करायचा त्या खोलीच्या उंबऱ्याशी एक लाल रेघ होती. रेघेच्या अलीकडे आपले जोडे काढायचे, पलीकडे मऊ तळाचे घालायचे. पळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हातातलं काही पडू द्यायचं नाही. काडेपेटी तर बाहेरच्या फाटकाच्या आत आणायची सोय नव्हती. नियम भले होते. त्या नियमांच्या जिवावरच माणसं संध्याकाळी धडधाकट घरी परतत होती. पण अच्युत घरी येताना ती लाल रेघसुद्धा बरोबर आणायला लागला.

तो तांब्या खाली ठेवायचा तो पाण्यावर पान टेकावं तसा. जिना उतरायचा तो पायऱ्यांची माफी मागत. शिंक आली की उशीत तोंड खुपसायचा. त्याची धाकटी बहीण बेबी जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, "वहिनी, दादा शिंकायच्या आधी साहेबाची सही घेऊन राहिला का गं?"

यावर सगळे हसायचे. अच्युतही हसायचा, ओठांच्या आतल्या आत. विनताला ते आतलं हसू बघवत नव्हतं. भरल्या विहिरीवर कुणी झाकण टाकून ठेवावं, तसं तिला वाटे.

लग्न झाल्यापासून दर मे महिन्यात ती दोघं बरगीच्या पुढे जंगलात जायची. एका नाल्याकाठी सागाच्या सावलीत ताडपत्री बांधून मुक्काम करायची. तिथे अच्युत गात असे, माकडांशी भांडत असे, थंड पाण्यात पाय सोडून वेड्यासारखा ओरडत असे. कारखाना लागल्यापासून रजा बंद झाल्या आणि ते जाणंही बंद झालं. या मे महिन्यात मात्र शनिवार-रविवारची सुटी मिळाली, कशी मिळाली ते विचारू नये. विनतानं मनाशी धरलं, एकदा हा माणूस मोकळ्या रानात बसला की गळा सुटेल. नाहीच सुटला तर पुढची सुटी कधी, कोण सांगणार? मग ते झाकण तसंच गंजून बसेल.

तिनं दशम्या केल्या, सातूचं पीठ बांधून घेतलं, ताडपत्री झटकली. बेबी निघाली. आणि बापूसाहेब, म्हणजे विनताचे सासरे, तेही निघाले. ते छोट्या रुळांवरच्या गाडीचे निवृत्त गार्ड होते. आपल्या गाडीनं घरची माणसं आपल्याशिवाय जावीत हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. त्यांनी गळ्यात जुनी शिट्टी अडकवली.

छोटी गाडी धापा टाकत बरगीला पोचली. तिथून बैलगाडीनं जंगलाच्या नाक्यापर्यंत जाईतो ऊन तापलं होतं, आणि हवेला जळक्या पानांचा वास येत होता. डोंगरावर धुराची चादर पसरली होती. नाक्यावर बांबू आडवा पडलेला.

"जंगल बंद है," नाकेदार म्हणाला. "महुआ बीनने वालों ने पत्ते जलाए, हवा चल पडी. तीन पहाड जल गए. अब बारिश तक कोई अंदर नहीं जाएगा."

बापूसाहेब पुढे झाले. "अरे भैया, हम रेलवे के गार्ड थे!"

"तो दादा, जंगल में रेल थोडी चल रही है." नाकेदारानं अच्युतकडे हात पुढे केला. "माचिस हो तो दिखाइए."

अच्युतनं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मग काहीतरी बोलला. नाकेदारानं कानाला हात लावला. अच्युत पुन्हा बोलला, "फैक्टरी में हूँ. माचिस रखता ही नहीं."

"आप जैसे आदमी को तो मैं छोड भी देता," नाकेदार कळवळून म्हणाला, "पर उस आग को कौन समझाए?"

त्याचं खरंच होतं. विनतानं एकदा धुराकडे पाहिलं. आपला नाला तिकडेच कुठेतरी आहे, त्याच्या काठचे साग काळे पडले असतील, हे मनात आलं आणि तिनं पटकन बैलगाडीकडे तोंड वळवलं.

परतीच्या गाडीत डब्यात चौघंच होती, आणि चौघांत भांडण होतं.

"मदनमहालच्या टेकडीवर जाऊ," बापूसाहेब म्हणाले. "काय ते दगड! एकावर एक ठेवलेले!"

"बाबा, मे महिन्यात त्या दगडांवर पापड भाजून निघतात," बेबी म्हणाली. "भेडाघाटला चला."

"अच्छा? जाऊ ना. तिथल्या धर्मशाळेत आपली अर्धी मंडळी उतरली आहेत. सगळ्या बाया तुझ्या लग्नाचं विचारतील."

बेबीनं भेडाघाट सोडून दिला. "मग परियटचा तलाव?"

"तिथं सध्या पहारा असतो," अच्युत म्हणाला. गाडीच्या खडखडाटात ते शब्द ओठांवरूनच वाचावे लागले. "घरीच जाऊ. पडून राहू दोन दिवस."

पडून राहू! विनतानं दशम्यांचा डबा मांडीवर ओढला. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. गाडी पुलावर चढत होती. खाली नर्मदा उन्हाळ्यानं रोडावली होती, एका बाजूला सरकून वाहत होती, आणि तिनं सोडलेल्या जागेवर पांढरी वाळूच वाळू. त्या वाळूत मधूनच हिरव्या पट्ट्या, जणू कुणी धुतलेली लुगडी वाळत घातलीत. प्रत्येक पट्टीशी गवताची एकेक खोपी.

"मामंजी, ते काय हो?"

"डांगरवाड्या. वाळूत खड्डे करून केवट लोक खरबूज लावतात. पूर आला की सगळं वाहून जातं, उन्हाळ्यात पुन्हा लावतात."

विनतानं पदर खोचला. "ग्वारीघाटाला उतरायचं."

"काहून? तिकीट जबलपूरचं आहे!"

"मग उरलेलं तिकीट तुम्ही वापरा, मामंजी. आम्ही उतरून राहिलो."

बेबीनं ताडपत्री आधीच खांद्यावर घेतली होती. बापूसाहेब बोलायचं थांबून उतरले, कारण दशम्यांचा डबा सुनेच्या हातात होता.

घाटावर एक नावाडी आणि त्याची बायको हातघाईवर आली होती. नावाड्याच्या धोतराला हळदीचे डाग होते. त्याचं नाव तुळशीराम. पलीकडच्या गावात त्याच्या पुतणीचं लग्न होतं, सगळं घर निघालं होतं, आणि कोल्ह्यांपासून वाडी राखायला एकानं मागं राहायला हवं होतं. तो बायकोला राहा म्हणत होता. बायकोनं नवी चोळी घातली होती. ती कसली राहते!

विनता मध्ये जाऊन उभी राहिली. "नर्मदे हर, भैया. हम रह जाते हैं. आज रात तुम्हारी रेती पर."

तुळशीरामानं चौघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रहो बाई, मजे से रहो. खरबूजा खाओ. पर सियार आहै तो भगाओगी कैसे? खोपी सूखी घास की है, आग-वाग कछू नईं जलानी. बस चिल्लाने का काम है. मरद को बोलो, तनक चिल्ला के बताए."

सगळ्यांनी अच्युतकडे पाहिलं. अच्युतनं घसा साफ केला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

तुळशीराम वाट पाहत राहिला. मग त्याला कळलं की ओरडून झालं. "भैया, इत्ते में तो सियार पूछहै, आप मोसे कछू कै रए का?"

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. अच्युतचे कान लाल झाले. बापूसाहेबांनी घराण्याची लाज राखायला शिट्टी काढून जोरात फुंकली.

"सीटी से का होत दादा? सियार जानत है गाडी आ रई. रोज सुनत है."

तेव्हा बेबीनं डोळे मिटले आणि किंचाळली. घाटावरची कबुतरं उडाली. फुलं विकणारीनं टोपली सांभाळली. एका पुजाऱ्याच्या तोंडचा मंत्र अर्ध्यावर राहिला.

"हओ!" तुळशीराम खूश होऊन म्हणाला. "जे बिटिया चलहै!"

त्यानं त्यांना नावेतून वाळूवर आणून सोडलं. जाताना पानांखाली झाकलेलं, व्याह्यांसाठी राखलेलं एक भलंमोठं खरबूज दाखवलं. "जे एक भर नईं छूना. भोर में समधी के घर जाहै." अच्युतनं मान डोलावली, शब्द दिल्यासारखी.

दिवस मावळला तशी वाळू निवायला लागली. दुपारी पाय पोळणारी ती वाळू आता धुतलेल्या पोरासारखी गार झाली. ताडपत्रीची गरजच नव्हती, वर आभाळ होतं. चौघांनी दुसरं एक खरबूज फोडलं, दशम्या खाल्ल्या. बापूसाहेब शिट्टी छातीवर ठेवून पेंगले. दिवसभराच्या धुराचा वास विनताच्या केसांतून निघून गेला, आणि तिच्या ओठांवर आपोआप नर्मदेची ओवी आली,

*रेवामाईची गं वाळू*
*सांजेला झाली गार,*
*उतरू दे माझ्या राजाच्या*
*पायांचा सारा भार.*

अच्युत ऐकत होता. त्यानं पाय वाळूत खुपसले होते.

चंद्र वर आला तशी नदीच्या वरच्या अंगाकडून लांबलचक हाक आली, "हो ऽऽऽ!" बेबीनं ओ दिली, "हो ऽऽऽ!" आणि ती हाक पुढच्या वाडीनं उचलली, मग तिच्या पुढच्या वाडीनं. प्रत्येक वाडीतला राखणदार अशी हाक पुढे सरकवत होता. हाक थांबली की वरच्याला कळावं, खालचा झोपला. बेबीला हे फार आवडलं. तिनं दोनदा हाक दिली, तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोच विनतानं तिचा हात दाबला.

वरून हाक आली. कुणी ओ दिली नाही.

"अगं, ओरडा ना," अच्युत कुजबुजला.

"माझा घसा बसला," विनता म्हणाली.

"माझा पण," बेबी म्हणाली. "खरबूज थंड असतं ना."

"ओ तुळसी की बाडी वाले!" वरून आवाज आला. "सो गए का?"

अच्युत उठून बसला. तोंड उघडलं, मिटलं. "हो," म्हणाला, पण ती हाक त्याच्याच हनुवटीवर सांडली. आणि ही शांतता फक्त वरच्या राखणदारानं ऐकली नव्हती. वेलांत सळसळ झाली. एक कोल्हा सावकाश, घरच्यासारखा, आत आला. त्यानं इथलं हुंगलं, तिथलं हुंगलं, आणि पानांखालचं नेमकं ते मोठं खरबूज नाकानं ढकलत न्यायला लागला.

विनतानं दातांखाली पदर धरला. आता ओरडावं का? वाडी तर आपण मागून घेतली. तिचा धीर सुटत आला होता.

आणि अच्युत पळाला.

दोन वर्षांत पळाला नव्हता तो माणूस अनवाणी वाळूवरून पळत सुटला. "ए ऽऽ! ए हरामखोर! सोड! समधी का है रे वो!" कोल्हा टाकोटाक पाण्याकडे पसार झाला. अच्युतचा पाय वेलात अडकला, आणि तो सगळाच्या सगळा, उंच, हाडापेरानं मोठा, धाडकन पालथा पडला. त्याच्याखाली काहीतरी फुटलं. फाड्!

तो हलला नाही. डोकं दोन्ही हातांत घेऊन, श्वास रोखून, तसाच पडून राहिला. विनतानं ती लाल रेघेची खोली कधी पाहिली नव्हती, पण त्या क्षणी तिला ती दिसली.

काही झालं नाही. नदी वाहत होती. गोड, ओला वास सुटला.

अच्युतनं हळूच पोटाखाली हात घातला, बाहेर काढला, चांदण्यात पाहिला. बोटांवरून बिया ओघळत होत्या. मोठं खरबूज पलीकडे सुखरूप होतं. त्याच्या छातीखाली दुसरंच कुणी शहीद झालं होतं.

आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग वाळूवर उताणा होऊन पाय झाडत. बापूसाहेब दचकून उठले. "काय झालं? गाडी रुळावरून उतरली काय?" बेबी हसून हसून वाळूत लोळली. विनता जवळ गेली ती हसत होती की रडत होती, तिलाच कळेना.

"का भओ रे?" वरच्या वाडीचा काळजीनं विचारत होता. "का फूटो?"

अच्युत गुडघ्यांवर उठला, तोंडाशी हात नेले आणि भरल्या छातीनं ओरडला, "खरबूजा फूटो ऽऽऽ!"

वरच्याला हसू फुटलेलं ऐकू आलं. मग खालच्या वाडीनं उचललं, "खरबूजा फूटो ऽऽ!" मग त्याच्या खालच्यानं, मग आणखी खालच्यानं. बातमी लहान लहान होत नदीच्या वळणाआड गेली.

"तू कौन है रे?" वरच्यानं विचारलं.

"खमरिया वाला! तू?"

"तुलसी का साढू! गाना आत है?"

"पूछ मत!" अच्युत म्हणाला, आणि सुरू झाला. सदरा खरबुजानं चिंब, केसांत बिया, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. विनता त्याच्या कानामागच्या बिया वेचत होती.

"अहो, जरा हळू," ती अखेर म्हणाली. "अख्खी नर्मदा जागी झाली."

"होऊ दे!" अच्युत ओरडला, आणि पुढचं कडवं धरलं.