महिपती आबाच्या मिशीखालचा ओठ

महिपती आबाची मिशी बारामती तालुक्यात सगळ्यात रुंद होती, असं खुद्द आबाचंच म्हणणं होतं. तालुका त्यानं फिरून पाहिला नव्हता; आरशात मात्र रोज पाहायचा. मिशीखाली, वरच्या ओठावर डावीकडं, एक जुना व्रण होता आणि त्याची गोष्ट कालव्याकडेच्या साऱ्या वस्तीला तोंडपाठ होती. सतरा सालच्या मोठ्या लढाईत, तिकडं इराकातल्या बसऱ्याला, तुर्काची गोळी आली, आबानं ती दातांत धरली आणि तशीच परत थुंकली. तुर्क जागेवर आडवा! दर दिवाळीला त्या तुर्काचा हुद्दा एकेक पायरी चढायचा. चोपन्न सालापर्यंत तो सेनापती झाला होता.

खरी गोष्ट फारच किरकोळ होती. आबा इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरला जन्मला, तोच फाटका ओठ घेऊन. पुढं तो खेचरांच्या पलटणीत लागला. भरती करणाऱ्यानं दात तपासले ते खेचरांचे, म्हणून हा खपून गेला. बसऱ्याला एके दिवशी जखमी कमी आले. रिकामा बसलेला गोरा डॉक्टर कंटाळला होता, त्यानं समोरून खेचर घेऊन चाललेल्या या गड्याला बोलावलं आणि त्याचा ओठ शिवून टाकला. परत आल्यावर आबा मिशी वाढवून कुशाबाईच्या माहेरी घरजावई झाला. इथं त्याचं जुनं तोंड कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवाळीत त्याला नात झाली. सारजा. तिचाही ओठ डावीकडं थेट नाकापर्यंत फाटलेला.

कुशाबाईनं तिथल्या तिथं निकाल दिला. "अवसंला गिराण लागलं तवा हिनं वांगी चिरली. पोटातल्या पोरीचा ओठ चिरला."

"आत्याबाई, म्या विळीला हातबी लावला न्हाय वो," सून द्वारका म्हणाली. पण ऐकतंय कोण?

आबा तिथंच बसला होता. तोंडात सुपारी होती म्हणून बोलता आलं नाही, असं तो पुढं सांगायचा. सुपारी नव्हती.

पोरीला अंगावर ओढता येईना. द्वारका कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची, त्यातलं निम्मं गालावरून ओघळायचं. तीन महिन्यांत पोर काटकीसारखी झाली. तशात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, रावजी वस्तीवर आला आणि पोरीला पाहून म्हणाला, "आबा, पुण्याच्या इस्पितळात विलायतेचा डॉक्टर आलाय. असलेच ओठ शिवतो. शनवारी परत जाणार. त्यांच्यात म्हणं पोर तीन महिन्याचं झालं की शिवूनच टाकत्यात."

आबानं मनाशी हिशेब केला. तिकडं पोरांना तीन महिन्यांत मिळतं, आणि आपला ओठ शिवायला साऱ्या विलायतेच्या राजांना चार वर्षं भांडावं लागलं!

कुशाबाई काही ऐकेना. "देवानं फाडलेलं माणसानं शिवायचं व्हय? पोरगी सुईखाली मरंल."

"न्हाय मरत. शिवता येतं. म्या बघितलंय."

"कुठं?"

"बसऱ्याला."

"मंग? त्या तुर्कालाबी शिवला का?"

रावजी हसला. रडवेली द्वारकासुद्धा हसली. उभ्या जन्मात आबा पहिल्यांदा खरं बोलला होता, आणि तेवढंच कुणाला पटलं नाही.

बुधवारी सकाळी तो झुंबर न्हाव्यापुढं जाऊन बसला. "मिशी काढ."

झुंबरचा वस्तरा हातातच राहिला. "आबा! कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं. कोण जाऊ ने म्हणूनच काढायचीय."

"सुतक न्हाय, काय न्हाय, आन् मिशी? उद्या लोक मलाच धरतील."

"तू काढ रं बाबा, माझी हिंमत हाय तवर."

घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या पुढं पोचली होती. शेजारची फुलाबाई कुशाबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती. कोण गेलं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"अवो, नरसिंगपूरचं धाकलं भावजी गेलं का?" कुशाबाईनं हुंदका दिला.

"त्यो बरा हाय. तुर्क नव्हता गं. गोळीबी नव्हती. म्या असाच जन्मलोय, सारजीवानी."

फुलाबाईनं डोळे पुसले. "आबा, ही थाप काय जमली न्हाय. तुर्काचीच बरी हुती," म्हणाली आणि रडणं वाया गेल्याच्या रागात निघून गेली.

कुशाबाई मात्र हलली नाही. "आ करा." तिनं अंगठ्यानं त्याचा ओठ वर उचलला. खाली हिरडीला खाच होती, एक दात नव्हताच. मग तिनं द्वारकाच्या मांडीवरून सारजाला उचललं आणि तिचं तोंड पाहिलं. तीच बाजू. तीच खाच.

"चौतीस वर्सं मला तुर्क सांगितला."

"व्हय."

"आन् ह्या पोरीला मी वांग्यावरनं बोलत हुते तवा शेजारी बसून ऐकलं."

"व्हय."

"एक सबूद बोलवंना?"

"मिशी हुती गं," आबा म्हणाला. याहून चांगलं कारण त्यालाही सापडलं नाही.

कुशाबाई सुनेकडं वळली. "द्वारका, पोरीची दुपटी बांध. एष्टी कवा हाय?" एवढंच. पुण्यापर्यंत ती आबाशी बोलली नाही, आणि सारजाला तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

इस्पितळात नगर-सोलापूरकडची माणसं लेकरं घेऊन रांगेत बसली होती. नर्सबाईनं कागद पुढं ओढला. "घरात आणखी कुणाला असा ओठ होता का?"

दोघी बायका आबाकडं बघू लागल्या. मागं पन्नास अनोळखी कान होते. असा श्रोता त्याला पुन्हा मिळणार नव्हता.

"मला," आबा म्हणाला. "जन्मापासनं."

डॉक्टरनं त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं, जुन्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणत्यात?" आबानं नर्सबाईला विचारलं.

"टाके घाईत घातलेत, म्हणतात."

आबाला त्या बसऱ्याच्या डॉक्टराचा कैवार आला. "त्यास्नी सांगा, भाईर लढाई चालली हुती." मग त्यानं कुशाबाईच्या मांडीवरच्या सारजाकडं पाहिलं. "आन् हिचे निवांत घाला म्हणावं. हितं कायबी घाई न्हाय."